तीन दिवस मी आईला रागावले

वॉर्डात नवी नर्स आली की मी तिला पहिल्याच आठवड्यात बजावायची, "म्हातारं माणूस अचानक भलतंसलतं बोलायला लागलं ना, तर आधी लघवी तपास. ताप नसेल, जळजळ होते म्हणूनही सांगणार नाही." सिंगापुरात आठ वर्षं नर्स होते, तोंडपाठ होतं मला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

दोन हजार सहाच्या सुमारास आई पुण्याहून सिंगापुरात, आमच्या बेडोकच्या फ्लॅटवर राहायला आली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी म्हणाली, "दूधवाला आला का गं?" आता इथे कुठला दूधवाला? दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या नवऱ्याला मामा म्हणून हाक मारली, ताट बाजूला सारलं, आणि संध्याकाळी गादी ओली.

"पुरे झाली नाटकं, आई! पुण्याला जायचंय तर सरळ सांग ना!" मी ओरडले. ड्यूटीवरून आले होते, पाय ठणकत होते. ती घाबरून भिंतीकडे सरकली.

नवरा म्हणाला, "अगं, त्या अशा नाहीत. डॉक्टरला दाखवू या."

"नर्स कोण आहे, तू की मी?" मी त्याच्यावरच खेकसले.

तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली, हाकेला ओ देईना. हॉस्पिटलात कळलं, लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलंय. डॉक्टरनं विचारलं, "असं कधीपासून बोलतायत?"

"आज सकाळपासून," मी म्हणाले. शी! आईचा जीव टांगणीला, आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. खरं काय ते नवऱ्यानं सांगितलं.

चार दिवसांनी ती नीट बोलायला लागली, तेव्हा कुठे मी विचारलं, पाणी किती पितेस, लघवीला कितीदा जातेस. आमचा संडास स्वयंपाकघराला लागून, आणि जावई तिथंच चहा पीत बसायचा. त्याच्यासमोरून सारखं कसं जायचं, म्हणून बाई पाणीच पीत नव्हती, आलेली लघवी दाबून धरायची. वॉर्डातल्या परक्या आज्यांना मी हे रोज विचारायची.

घरी आल्यावर तिनं मावशीला फोन लावला. माझं ओरडणं तिला काहीच आठवत नव्हतं. "अगं, पोरगी नर्स म्हणून वाचले मी! तिनंच ओळखलं, दुसऱ्या कुणाला कळणार होतं?"

नवरा समोरच बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "आई, चहा टाकू?"