कटरे सरांची हलकी गाडी

रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. गाडीच्या मॅटखाली धूळ जमते ना, तसे ते आपोआप जमतात. आमचं नशीब एवढंच की किश्शांना वजन नसतं. नाहीतर कटरे सरांनी तेही काढून घरी ठेवले असते.

कटरे सर म्हणजे आमच्या गाडीचे मालक, ड्रायव्हर आणि शास्त्रज्ञ. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कामठ्याच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. आम्ही चौघं गोंदियाहून रोज तिथं जायचो: कटरे सर, कापगते बाई, एकेकाळी कबड्डी गाजवलेले उईके सर आणि मी. गाडी आठशे सीसीची, तिसऱ्या हाताची. सपाट रस्त्यावर गुणी पोर. पण गाव होतं तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे मातीच्या उंच बांधापलीकडे, आणि पाळीचा चढ आला की ती धापा टाकायची. अर्ध्यावर थांबायची. मग तिघांनी उतरायचं, सरांनी रिकामी गाडी वर न्यायची, आम्ही मागून चालत जायचं. उशीर ठरलेला.

कापगते बाई मूळच्या केशोरीकडच्या. त्यांच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. एकदा चढावर उईके सर वैतागून म्हणाले, "बाई, तुमच्या लोकाईनं पाळ एवढी उंच कायले बांधली जी?"

बाई पदर खोचत म्हणाल्या, "पाणी थांबवाले बांधली सर. तुमची गाडी चढवाले नाही."

*

आता उशिराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या हेडमास्तरीण, म्हणजे बडी मॅडम, स्वतः गावातच राहायच्या. त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायला आम्हाला तोंड नव्हतं. शाळेतल्या पाच घड्याळांत पाच वेगळ्या वेळा असायच्या आणि जो तो आपल्या सोयीची सांगायचा. मॅडमनी एक दिवस फर्मान काढलं, "माझ्या शाळेत घड्याळ चालत नाही, घंटा चालते. घंटेनंतर जो आला तो लेट. आता एक डाव आणखी लेट झाले, तर चौघंही गावात खोली पाहा."

आम्हा तिघांचं काय जात होतं? खोली केली असती, पत्ते खेळलो असतो. पण कापगते बाईंची पोरगी जेमतेम वर्षाची. नवरा रेल्वेत, सतत फिरतीवर. पोरीला सांभाळणारी सासू गुडघ्यांनी अधू, ती गोंदिया सोडून कुठं येणार? बाई गावात राहिल्या तर पोर त्यांना फक्त रविवारी दिसणार. फर्मान ऐकल्यावर त्या दिवशी गाडीत त्या बोटांवर रविवार मोजत बसल्या. मला खरंच वाईट वाटलं.

कामठा मागे पडल्यावर कटरे सर म्हणाले, "इंजिन बदलवाले पैसे नाहीत. मंग आपण वजन कमी करू. फुकटात होते."

*

पहिला नंबर डिकीचा. सर ठामपणे म्हणाले, "कोणाचीही गाडी असो, पहिले डिकी उघडा. अर्धा संसार तिथं राहते."

निघालं काय काय! पाइपाचे तुकडे, घराच्या बांधकामातल्या उरलेल्या फरशा, गाडीच्या पूजेचा वाळून खडखडीत झालेला नारळ, आणि सगळ्यात खाली एक मोठं स्टीलचं गंज, म्हणजे पातेलं.

ते गंज त्यांच्या साळ्याच्या लग्नात हरवलं होतं. आमच्या वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, ते भाड्याच्या भांडेवाल्यानंच नेलं असं धरून तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हत्या. सर गंज घेऊन घरी गेले आणि गाडीचं वजन कमी झालं. घरातलं वातावरण मात्र बरेच दिवस जड होतं.

*

मग सरांच्या लक्षात आलं की पेट्रोललाही वजन असतं. टाकी भरून कायले फिराचं? लागेल तेवढंच टाकाचं. हिशोब अगदी बरोबर होता. फक्त वाटेत एक लग्नाची वरात लागेल आणि आपण तिच्यामागे फर्स्ट गिअरमध्ये रेंगाळू, हे त्यात धरलं नव्हतं.

कामठ्याच्या अलीकडे गाडी शांतपणे थांबली. उईके सर खाली उतरले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "वा सर! आता गाडी सगळ्यात हलकी झाली. ढकलाले लय सोपी जाईन."

त्या दिवशी सुट्टीच्या आधीची साफसफाई होती आणि मॅडम तालुक्याला गेल्या होत्या, म्हणून वाचलो.

*

वरचं कॅरिअर काढलं. टेप काढला, स्पीकर काढले. स्टेपनी आणि जॅक घरी गेले. मागच्या सीटचा फोम काढून त्या जागी चटई आली. ॲशट्रेसुद्धा काढला, तसंही आमच्यात बिडी-सिगारेट ओढणारं कोणी नव्हतं. पुढचा बंपर काढला त्या दिवशी चौकात ट्रॅफिकवाल्यानं गाडी थांबवली. सगळीकडून फिरून पाहिली आणि आदरानं विचारलं, "गुरुजी, गाड़ी भंगार से ला रहे हो, या भंगार में दे रहे हो?"

सर म्हणाले, "भाई, स्कूल जा रहे हैं."

तो बाजूला झाला. "जाओ, जाओ. बच्चों को देर मत करो."

*

डब्यांचंही झालं. चार डबे, चार पाण्याच्या बाटल्या. सर म्हणाले, पाणी शाळेत मिळते, डबे छोटे करा. दुसऱ्या दिवशी उईके सर हात हलवत आले. डबाच नाही.

"शाब्बास," सर म्हणाले. "उपाशी राहता का?"

"नाही जी. घरूनच खाऊन आलो. दोन्ही टाइमचं. गाडीत डब्याचं वजन नको."

कटरे सरांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

*

एवढं सगळं करून गाडी खरंच चढायला लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. धापा टाकत का होईना, चौघांना घेऊन पाळ ओलांडायची. पण धान निघालं की पालक ऐकत नाहीत. नवा तांदूळ, वालाच्या शेंगा, तलावातले शिंगाडे. संध्याकाळी शाळा सुटली की गाडीजवळ कोणीतरी उभं असायचंच. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो.

एकदा एका आजोबांनी पोतंच आणलं. रिकामी डिकी पाहून म्हातारा खूश झाला. "बरं झालं गुरुजी, जागा करून ठेवली. मी समजलो, मावणार नाही."

*

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मॅडमचा कटरे सरांना फोन आला. शाळेची पितळेची घंटा चोरीला गेली होती. "उद्या येताना गोंदियाच्या भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा आणा. टांगून वाजवू."

सकाळी भंगारवाल्यानं दुकान उशिरा उघडलं. हातभर रूळ, पण उचलायला दोघं लागले. सरांनी तो डिकीत ठेवला आणि कपाळाला हात लावला. एवढे महिने काढलं, तेवढं एका झटक्यात परत आलं होतं.

पाळीवर गाडी अर्ध्यातच थांबली. आम्ही उतरलो, तरी हलेना; इंजिनच तापून बसलं होतं. सरांनी चटई काढली, मॅट काढले, चपला काढून बाजूला ठेवल्या. तरी नाही. शाळेची वेळ केव्हाच टळून गेली होती. कापगते बाई रस्त्याच्या कडेला बसल्या. डोळे भरले होते. "राहू द्या जी सर. खोलीच पाहा लागते आता," त्या म्हणाल्या.

उईके सरांनी डिकीतून रूळ काढला, आमच्या मदतीनं खांद्यावर घेतला आणि चढू लागले. पाळीवर पोचून ते थांबले. बघतच राहिले.

"सर," ते वरून ओरडले, "पोट्टे मैदानात खेळून राहिले. शाळा भरलीच नाही!"

"काऊन?" कटरे सरांनी विचारलं.

"भरन कशी? घंटा माह्या खांद्यावर आहे नं!"

बाई आधी समजल्या: घंटाच वाजली नव्हती, मग लेट कसला? डोळे पुसले आणि हसायला लागल्या, थांबेनाच हसू. मग आम्ही सावकाश गेलो. कडूलिंबाला रूळ टांगला, मॅडमनी स्वतः वाजवला, पोरं रांगेत उभी राहिली. आम्ही त्यांच्याही आधी उभे होतो.

संध्याकाळी मॅडमनी आम्हा चौघांना बोलावलं. कटरे सरांना म्हणाल्या, "हे लोखंड इथं ठेवलं तर पुन्हा चोरी जाईल. रोज घरी घेऊन जात जा. सकाळी येताना आणत जा."

ज्या माणसानं ॲशट्रे घरी ठेवला होता, तो ताबडतोब म्हणाला, "बिलकुल मॅडम. डिकी रिकामीच आहे."

मॅडमनी मान डोलावली आणि कापगते बाईंकडे वळल्या.

"अन् बाई, पोरगी चालाले लागली का तुमची?"