धुण्याच्या दगडापाशी बारसं

सुप्रभा माझी नणंद. नणंद म्हटलं की जे जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं तिच्यात काही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी भांडणाची वाट बघायला नको. भांडतो आम्ही, पण ते कॅरमवरून.

तंजावूरच्या टेलिफोन खात्यात ती ट्रंककॉलची ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा कॉलेजच्या वह्यांची रद्दीही अजून घातली नव्हती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. ओरत्तनाडूच्या भात व्यापाऱ्याला मद्रास जोडून दे, तिरुवैयारूच्या संगीत मास्तरांना दिल्ली जोडून दे, आणि दोन्हीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं की आपण बाजूला हो. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, कुणी गेलं, सगळं तिच्या बोटांमधून पार झालं. ऐकायची मुभा नव्हती आणि ऐकण्याची तिला हौसही नव्हती.

मग गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि तिचा बोर्ड भंगारात गेला. तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. दुसरी कुणी असती तर तोंड पाडून बसली असती. ही बाई खूश! ‘आता अस्के एकमेकांशी बोलतील, वैनी, मध्ये कुणी नको,’ असं म्हणाली. ‘अस्के’ म्हणजे सगळे, आमच्या तंजावरी मराठीत. आणि मोबाईल नावाची चीज तंजावुरात आली तशी सरकारी टेलिफोन खात्यातल्या या बाईने खासगी कंपनीचा फोन घेतला. खात्यात नाकं मुरडली गेली. हिने त्यांनाही फोन हातात देऊन बघायला लावला.

फोन होता फक्कड, पण आमच्या घरात तो मुका. हॉलमध्ये रेंज नाही, स्वयंपाकघरात नाही, गच्चीवरसुद्धा नाही. सुप्रभा कापूर ओवाळावा तसा तो फोन घरभर ओवाळत फिरली. शेवटी मागच्या अंगणात, विहिरीशेजारी कपडे धुवायचा दगड आहे, त्याला आम्ही ‘कल्लु’ म्हणतो, त्यावर बसली आणि किंचाळलीच. पूर्ण रेंज! उठून उभी राहिली की अर्धी, एक पाऊल सरकली की गायब. तेव्हापासून आमच्या घरी कुणाला मोबाईलवर बोलायचं असेल तर आधी धुणं आवरावं लागे. सासूबाई, म्हणजे वेंकूबाई, पाहुण्यांना अभिमानाने सांगायच्या, ‘आमच्या कल्लुला फोन येतो.’

कॅरमचं राहिलंच. खात्याच्या क्लबात जेवणाच्या सुट्टीत खेळता खेळता ती एवढी तयार झाली, की राणी तिच्या वाटेला गेली की दुसऱ्याने फक्त बघत बसावं. जिल्हा झाला, राज्य झालं, आणि एके दिवशी ती धावत आली: कोलंबोच्या स्पर्धेसाठी संघात निवड! आमच्या घरातून परदेशी गेलेलं कुणी नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी ती माझी पैठणी नेसली. म्हटलं, ‘अगं, फोटोत काठ दिसायचे नाहीत.’ तर म्हणते, ‘मज ठाऊक असतं की!’

मोबाईल परदेशात चालण्याला रोमिंग म्हणतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं. ते सुरू करून घ्यायला ती त्रिचीला कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या मुलीने सांगितलं, मॅडम, आता जगात कुठेही जा. सुप्रभा म्हणाली, ‘कोलंबोत येईल ते बरंच झालं, पण आमच्या न्हाणीघरात काय म्हणून येईना?’ येताना हिने एक जुना हँडसेट आणि कार्ड आमच्यासाठीही आणलं, कारण मी पोटुशी होते.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आमच्याकडे पाळणा हलणार होता. माझी आई पूर्वीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. आणि नाव ठेवणार सुप्रभा. आमच्यात आत्याच बाळाच्या कानात नाव सांगते, हे तर झालंच. पण या घरात ते नाव निवडतेही तीच, आणि बारशाआधी ते कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. मी परोपरीने विचारलं. कॅरममध्ये मुद्दाम हरले. तिने दाद दिली नाही.

सगळा हिशोब चोख होता. ती कोलंबोहून परत येईल, मग बाळ, मग बारसं. पण आमच्या कन्यारत्नाला दम कुठला! आत्या विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात ती हजर झाली, आणि बारावा दिवस आला तो नेमका स्पर्धेच्या मध्यावर.

सुप्रभा जायचंच रद्द करायला निघाली. मी पलंगावरून गरजले, ‘गेली नाहीस तर याद राख!’ सासूबाई बारसं पुढे ढकलायला तयार नव्हत्या. नऊ वर्षं थांबले, आता एक दिवस थांबणार नाही, त्यांचं एवढंच. लांबच्या नात्यातली एक आत्या आणू या, असं माझा नवरा प्राणेश हळूच म्हणाला, तेव्हा सुप्रभा त्याच्याकडे अशी बघत राहिली की तो चपला घालून बाहेर गेला. शेवटी तीच म्हणाली, ‘अत्या मी आहे. मी फोनातून सांगेन. हॉलमधला फोन तिच्या कानास लावा.’

ती गेली, आणि दोन दिवसांनी रस्ता खोदणाऱ्यांनी आमच्या वीदीतली, म्हणजे गल्लीतली, केबल तोडली. हॉलमधला फोन गेला. उरला मोबाईल. आणि मोबाईल म्हणजे कल्लु.

‘धुण्याच्या दगडापाशी बारसं?’ सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ‘नातीचं नाव ठेवता का ओलं लुगडं पिळता?’ पण पहाटे उठून मी बघते तो काय, दगड शिकेकाईने घासून, वर हळदकुंकू लावून, भोवती कोलमची रांगोळी काढून त्याच तयार! प्राणेशने नारळाच्या झाडाला आणि विहिरीच्या खांबाला दोर बांधून पाळणा टांगला. आमचे आचार, म्हणजे भटजी, नाव लिहायला तांदळाचं ताट आणि सोन्याची अंगठी घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसले. बायका केळीच्या खुंटांमध्ये दाटीवाटीने उभ्या. मी बाळाला मांडीवर घेऊन दगडावर बसले, आणि प्राणेशने फोन माझ्या तळहातावर ठेवला, जरासुद्धा न हलवता.

फोन वाजला! ‘वैनी, खेळायच्या हॉलमध्ये रेंज नाही, मी जिन्यावर आहे. पुढचा गेम माझाच आहे. पाप्पाच्या, बाळाच्या कानास लाव, लवकर!’

मी लावला. बाळाने डोळे टक्क उघडले. सासूबाईंनी माझा खांदा घट्ट धरला होता. थोड्या वेळाने मी फोन उचलून बघितला तर लाईन तुटलेली.

‘झालं! झालं!’ एकच गलका. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. आत्याची पाठ कोलंबोत, म्हणून बायकांनी ते प्राणेशच्या पाठीत घातले, आणि नऊ वर्षांचे साठवलेले घातले. आचारांनी अंगठी तांदळावर टेकवली आणि विचारलं, ‘हं, नाव काय?’

मी प्राणेशकडे बघितलं. त्याने आईकडे. आईने माझ्याकडे.

‘तुज ऐकू आलं की नाही?’ सासूबाईंनी मला विचारलं.

‘मज कसं येईल? फोन तिच्या कानास होता!’

नाव ठाऊक असलेली दोनच माणसं, एक कोलंबोत आणि दुसरीला बोलता येत नव्हतं. सासूबाई बाळापुढे वाकून चक्क विनवू लागल्या, ‘सांग ग माझे बाई, अत्या काय म्हणाली?’ बाळाने जांभई दिली. हसून हसून माझे टाके दुखले. आचार म्हणाले, बाळाच्या कानात पडलं म्हणजे संस्कार झाला, पण तांदळात मी काय लिहू? कुणी म्हणे विष्णुसहस्रनाम घ्या, कुठल्या तरी नावाला ती मान वळवेल. प्राणेश परत परत नंबर फिरवत होता. लागेना. बायकांचा घोळका जरा सरकला की रेंज जाई, म्हणून सासूबाईंनी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं.

आणि पुन्हा फोन वाजला.

‘अगं सुप्रभा, नाव काय? हिंगे अंगणात अस्के ताटकळलेत!’ मी ओरडले.

पलीकडून तिचा आवाज आला, रडवेला. तिला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

‘वैनी, मी सांगितलंच नाही.’

‘काय?’

‘मज बोलायाच झालं नाही. फोन तिच्या कानास लागला आणि तिचा श्वास ऐकू आला. इवलासा. जन्मभर मी लोकांस जोडून दिलं आणि बाजूला झाले. माझ्यासाठी म्हणून लाईनवर कोण आलं होतं? ही आली. मज नावच आठवेना.’

डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. म्हटलं, ‘आता आठवलं का?’

‘हो.’

‘मग सांग. आम्ही अस्के थांबलोय.’

या वेळी मी माझाही कान बाळाच्या कानापाशी नेला. सुप्रभाने एक मोठा श्वास घेतला आणि अगदी हळू म्हणाली, ‘लक्ष्मीप्रिया.’ मग पुन्हा, ‘लक्ष्मीप्रिया.’ मला दोन अक्षरी, नव्या पद्धतीचं नाव हवं होतं. रोमिंगवर एवढं लांबलचक नाव सांगणारी ही पहिलीच बाई असेल. पण त्या क्षणी ते मला इतकं आवडलं की सांगता सोय नाही. मी ते मोठ्याने म्हटलं, आणि आचारांनी लिहायला घेतलं.

‘वैनी, अजून थोडं असू दे तिच्या कानास,’ सुप्रभा म्हणाली, ‘मी काही बोलत नाही.’

तिचा गेम राहिला होता, जेवणाची पानं खोळंबली होती आणि परदेशातला कॉल चालूच होता. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्या अंगणाला गप्प केलं. बाळ श्वास घेत होतं. तिकडे ती ऐकत होती. फोन कुणीच ठेवला नाही.