वहिनी जेवत नसे

आम्ही जेवायला बसलो की वहिनीचा जबडा हलायचा. तोंडात काहीच नसायचं. समोरची बाई घास चावू लागली की हिचा जबडाही तितक्याच संथपणे चावायचा, आणि तिनं गिळलं की हिच्या वाळल्या गळ्याची शीर हलायची. पूर्णा गावच्या गोडाउनमध्ये पॅकिंगच्या टेबलाशी मी तिच्या शेजारी तीन वर्षं उभी राहिले. तिला जेवताना कधी पाहिलं नव्हतं.

तिचं नाव वेगळंच होतं, पण सगळ्या शिफ्टची ती वहिनी. डोंगराकडच्या पाड्यावरून आलेली. मनगटं काडीसारखी. नवी मुलगी आली की तिला पंख्याखाली बसवायची, डबा उघडून द्यायची आणि समोर उकिडवी बसायची. "वहिनी, तुम्ही?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "तू खा गं. मला पोचतं."

सुरुवातीला आम्ही हसायचो. मग एकदा मी पहिला घास घेतला, तोच ती टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाली, "मीठ दोनदा पडलंय. आईचं लक्ष न्हाय आज." भाजी खरंच खारट होती. घरी विचारलं तेव्हा आईनं कबूल केलं. त्या दिवशी ती बाबांना तपासायला नेणार होती आणि मला काही सांगितलं नव्हतं.

माझी मैत्रीण सलमा कुजबुजायची, "इसके सामने खाओ तो पेट ही नहीं भरता, यार." मलाही तसंच वाटायचं. डबा रिकामा व्हायचा आणि भूक तशीच राहायची.

त्याच वर्षी बाबा गेले. कामावर परतले तेव्हा पोळी कागदासारखी लागू लागली. आधी जेवण जात नव्हतं. नंतर मीच घेईना. रिकाम्या पोटी आत सगळं बधिर व्हायचं, कशाचंच काही वाटायचं नाही. ते मला आवडू लागलं. बाबांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं, डबा न उघडणं होतं. घरी खोटं बोलायचे, भरला डबा गोडाउनमागच्या कुत्र्यांना घालायचे.

एका दुपारी सलमा जेवताजेवता थबकली. "तू भी?" म्हणाली आणि मागे सरकली. मी गालाला हात लावला. माझा जबडा हलत होता.

वहिनीनं ते पाहिलं. उठून आली, माझी हनुवटी थंडगार बोटांत घट्ट धरली. जबडा थांबेपर्यंत सोडली नाही.

"हे माझ्याकडून घ्यायचं न्हाय," ती म्हणाली. मग सलमाच्या डब्यातली चपाती तोडून तिनं स्वतःच्या तोंडात घातली. कितीतरी वेळ तो घास तसाच गालात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी गिळला. "आता तू." मी खाल्ला.

मग खोक्यांच्या आडोशाला बसून तिनं सांगितलं. ती नऊ वर्षांची, धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. उशाशी एकच भाकर. "त्याची होती. मी खाल्ली. सकाळी तो थंड झालेला. तवापासून पोटात काही गेलं की वाटतं, त्याचंच खाते." लग्नानंतर ती थोडंफार जेवू लागली होती. मग पोटातलं मूल गेलं आणि घास पुन्हा घशाशी अडकला.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. कोणी कोणाला नेलं ते सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघींची नाडी पाहिली, रक्त तपासायला दिलं, दर आठवड्याला यायला बजावलं. सगळं ऐकून त्यांनी वहिनीला एकच विचारलं, "हे आईशी कधी बोललात?"

"न्हाय."

महिनाभर आम्ही दवाखान्यात जात राहिलो. मग एक दिवस ती म्हणाली, "पाड्यावर चल माझ्यासंगं. एकटीला न्हाय बोलता येणार."

पाड्यावर तिची म्हातारी आई अंगणात तांदूळ निवडत होती. वहिनीनं उभ्याउभ्याच सांगितलं. म्हातारीचे हात थांबले.

"त्याची कुठं?" ती म्हणाली. "त्याच्या घशाखाली दोन दिस पाणी उतरत नव्हतं. एकाच गोधडीत, एकाच उशाला होतात तुम्ही. भाकर तुझ्यासाठी ठेवलेली मी. म्हटलं, एक तरी जगू दे."

वहिनी वळली. आत गेली, दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. माणसाचा आहे की जनावराचा ते आधी मला कळलंच नाही. मी दाराकडे धावले, तर म्हातारीनं माझा पदर धरला.

"जाऊ नको. भाऊ गेला तवा रडली न्हाय ती. आज रडते. रडू दे."

वहिनी गोडाउनला परतली नाही, पाड्यावरच राहिली. त्या संध्याकाळी मी एकटीच जीपमध्ये बसले. कशेळीच्या पुलापर्यंत नीट होते. पुलावर ट्रकांच्या रांगेत जीप अडकली आणि मी बाबांना हाक मारून मोठ्यानं रडू लागले. शेजारच्या अनोळखी बाईनं काही न विचारता माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.