क्लचला बांधलेले घुंगरू

हे बघा, आधी तो चहा संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आमच्या गाडीच्या क्लचने माझी जी शोभा केलीय ना, ती नौपाड्याच्या ऑफिसात मी अजून कुणाला कळू दिलेली नाही. तुम्ही घरचे, म्हणून सांगतोय.

झालं काय, आमच्या सुलूने, म्हणजे बायकोने, पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकायचं मनावर घेतलं. शिकली, लायसन्स काढलं आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "येत्या रविवारी आईला मी आणणार. डोंबिवलीहून. मी स्वतः चालवत!"

सासूबाई आजवर आमच्याकडे बाळकुमला यायच्या त्या माझ्या सवडीने. आणि माझी सवड म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे लेक गाडी घेऊन येणार म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं. शेजारणी म्हणे खाली बघायला येणार होत्या!

आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी ओरडायला लागली.

क्लच दाबला की चिर्रर्र! सोडला की गप्प. परत दाबला, परत चिर्रर्र! कापूरबावडीच्या सिग्नलला तर शेजारचा रिक्षावाला वाकून गाडीखाली बघायला लागला, मांजर-बिंजर अडकलंय का म्हणून.

आता मी काय कालपरवा शिकलेलो ड्रायव्हर आहे? पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, राव! मी पार्किंगमध्ये गाडी न्यूट्रलला उभी केली, बॉनेट उघडलं, सुलूला क्लच दाबायला सांगितलं आणि कान लावून ऐकलं. काय कळलं? घंटा काही कळलं नाही. पण मान अशी हलवली की बघणाऱ्याला वाटावं, आता हा इंजिन हातात काढून देतोय.

शेवटी गेलो भोईरकडे. भोईर आमचा मेकॅनिक, इथलाच, बाळकुमचाच. गॅरेजची जागाही त्याच्याच आजोबांची. त्याने आत बसून दोनदा क्लच दाबला.

"साहेब, रिलीज बेअरिंग गेलंय."

"म्हणजे?"

"क्लच दाबला की त्यावर जोर येतो. चांगलं असंल तर गप फिरतं. खराब झालं की असं बोंबलतं. गिअरबॉक्स उतरवायला लागंल."

"पण जातं कशाने?"

"काय लोकं क्लचवर पाय टेकवूनच गाडी चालवतात. गरज नसताना. मग त्या बेअरिंगला सुट्टीच नाय. घरात कोन नवीन शिकलंय का?"

काय सांगू, मला इतका आनंद झाला! आनंद कसला, सांगा? गाडी बिघडली माझी, गिअरबॉक्स उतरणार माझा, आणि मी खूश, कारण आरोपी सापडला! भोईर मागून ओरडत होता, "आधी सवय मोडा साहेब, नायतर नवीन टाकलेलंपन जाईल!" ते ऐकतच मी घरी आलो, तो थेट न्यायाधीश होऊन.

"सुलू, तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

"नाही हो. मी काढते पाय."

"अगं, नवीन माणसाला कळत नाही."

"आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, काम झालं की पाय बाजूला."

"सरांचं राहू दे. भोईर खोटं बोलतो का?"

तिने किल्ली फ्रीजवर ठेवली आणि म्हणाली, "बरं. आईला कळवते, नाही जमत म्हणून. या वयात उगाच हौस केली मी."

खरं सांगतो, तिथेच 'अगं, तसं नाही' म्हणायला काय जात होतं? पण नाही! मला पुरावा पाहिजे होता.

मग मी माळ्यावर चढलो. आमच्या मुलीचे शाळेच्या गॅदरिंगमधले घुंगरू होते, ते काढले. आणि क्लचच्या पेडलला, वरच्या दांडीला, सुतळीने घट्ट बांधले! पेडल जरा हललं की छुम. आता लपव पाय, कुठे लपवतेस! खड्ड्यात थोडं वाजणार, ते माफ. साक्षीदार म्हणून भोईरला मागच्या सीटवर बसवलं आणि सुलूला सांगितलं, "चल, माजिवड्यापर्यंत घे."

निघालो. पहिला गिअर, चिर्रर्र आणि छुम. दुसरा, छुम. तिसरा, छुम. त्यानंतर? शांतता! मी कान टवकारून बसलेलो. खड्डा आला, एकदा छुम. मेट्रोच्या कामाखालून गेलो, सिग्नल आला, छुम, थांबली, न्यूट्रल. पुन्हा शांतता.

"आज तू मुद्दाम सांभाळून चालवतेयस," मी म्हणालो.

"साहेब, वैनी मस्त चालवतात," मागून भोईर.

"तू गप रे. सुलू, बाजूला घे गाडी. उतर. नीट कसं चालवायचं ते दाखवतो तुला."

बसलो मी. आरसा सरळ केला. गाडी काढली.

छुम. छुम छुम. छुम छुम छुम छुम छुम...

मला वाटलं, रस्ता खराब आहे. गाडी पुलावर घातली. गुळगुळीत रस्ता! छुम छुम छुम छुम! मी मोठ्याने बोलायला लागलो, घसा खाकरला, शेवटी रेडिओ लावला. रेडिओच्या वर घुंगरू!

"साहेब," मागून भोईर अगदी हळू आवाजात म्हणाला, "तमाशाचा फड हाय का गाडीत?"

बरं, मी पाय काढायला गेलो हो! पण काढून ठेवणार कुठे? पंचवीस वर्षं गाडी चालवून तो डावा पाय मोकळा असताना कुठे ठेवतात हेच मला माहीत नव्हतं! जरा लक्ष रस्त्याकडे गेलं की पाय आपला परत माहेरी.

मी सुलूकडे बघितलं. हसली असती तर बरं वाटलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि डोळ्यांत पाणी. मी गाडी कडेला घेतली, रेडिओ बंद केला.

"चुकलो गं," मी म्हणालो. "बेअरिंग मी खाल्लं आणि बिल तुझ्या नावावर फाडलं."

"रविवारी जायचं?" तिने एवढंच विचारलं.

"तूच नेणार."

भोईरने गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट झिजून काळी पडलेली. ती हातात धरून तो सुलूला म्हणाला, "वैनी, बघून घ्या, साहेबांची पंचवीस वर्षं." नवीन प्लेट, नवीन बेअरिंग बसलं, घुंगरू निघाले. क्लच लोण्यासारखा झाला!

रविवारी माणकोलीच्या पुलावरून सुलूने गाडी डोंबिवलीत अशी घातली की काय सांगू! बिल्डिंगखाली सहा-सात बायका उभ्या. एकीने तर सुलूवरून तुकडा ओवाळून टाकला. सासूबाई पुढे बसल्या, पदर सावरून, अगदी राणीसारख्या. मी मागे, सुलूच्या सीटच्या मागे, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. आणि शप्पथ सांगतो, इतका अभिमान वाटत होता मला बायकोचा!

पुलावर आलो तशी सुलू आरशातून बघत म्हणाली, "अहो, माझ्या सीटला काय टोचतंय?"

सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. "अगं, जावईबापूंच्या डाव्या पायात गोळा आलेला दिसतोय. केव्हाचा ताणून धरलाय बिचाऱ्यांनी."

"गोळा नाही गं आई," सुलूने शांतपणे चौथा गिअर टाकला. "ते मागून क्लच दाबतायत."