टेकडीवर विचारलेलं ‘कुठं’

तुमच्या आईने जिंतूरजवळच्या टेकडीवरून माझ्या नणंदेला, म्हणजे तिच्या आत्याला, हवेत नेलं. ती गोष्ट तुम्ही फोनवर अर्धवटच ऐकली आहे. नीट सांगते.

पॅराग्लायडर तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलाच नव्हता. हा तर दोघांचा होता. शिकणारा पुढच्या आसनात, शिकवणारा त्याच्या पाठीशी, आणि दोघांवर मिळून एकच मोठा कापडी पंख. तुमची आई हिमाचलात एकटी उडायला शिकली होती. आता तिला शिकवायचं होतं. तिचे तिथले गुरुजी पंख घेऊन आले होते. कुणाला तरी पुढे बसवून सुखरूप उतरवलं, तरच ते परवानगी देणार होते. संध्याकाळच्या गाडीने पंखासकट परत जाणार होते.

पुढे बसायला आलेला तिचा मामेभाऊ कडा बघून मागे सरकला.

“मी बसते,” वन्सं म्हणाल्या. “लुगड्याला काष्टा हाय. बांधा पट्टे.”

गुरुजींनी एकच बजावलं: पाय जमिनीवरून सुटेपर्यंत पळायचं, मध्ये थांबायचं नाही.

पंख वर आला. दोघी उतारावर पळू लागल्या. तेवढ्यात बघ्यांतली एक म्हातारी ओरडली, “आगं माय, कुठं निगालीस?”

वन्सं जागीच थांबल्या. निघणाऱ्याला ‘कुठं’ विचारलं की मागे फिरायचं, टेकायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. जन्माची सवय, पायांनीच ऐकली.

तुमची आई मागून त्यांच्यावर आदळली. पंख कलला, एका बाजूने वाऱ्याने भरला आणि दोघींना कड्याकडे फरफटत नेऊ लागला. तिने दोऱ्या जिवाच्या आकांताने ओढल्या, गुरुजींनी कापडावर अंग टाकलं, तेव्हा कुठे तो निजला.

वन्संचं कोपर सोललं होतं.

“आत्या, थांबलीस कशाला?”

“तिनं इचारलं की! पाणी आण आधी.”

वारा वाढत होता. आता एकदाच, गुरुजी म्हणाले. शाळेत मुलींना असल्या समजुती सोडा म्हणून सांगणारी मी. तांब्या घेऊन मीच धावले. वन्सं दगडावर टेकल्या, घोटभर प्यायल्या, उठल्या. मी जाऊन म्हातारीचा हात घट्ट धरला.

“आता एक शब्द नाही, मावशी.”

तिने पदर तोंडात कोंबला. टेकडीवर कुणी खोकलंसुद्धा नाही.

पंख वर आला. या वेळी वन्सं अशा पळाल्या की जमीन सुटल्यावरही त्यांचे पाय चालूच होते. मग दोघी कड्याखाली गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. पंख पुन्हा दिसला तो दूर, ज्वारी काढलेल्या रानावर. तो खाली बसला.

गुरुजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मग म्हणाले, “दोनों खड़ी हैं. सिखा सकती है.”

म्हातारीने पदर काढला. “आता इचारू का, बाई?”

मी हात सोडला. ती कड्याच्या टोकाशी गेली आणि खाली बघून ओरडली, “कुठं गेलतीस गं?”