घरटी एक सुई

सदऱ्याची बाही वर केलेला तो दंड मी आधी पाहिलेला होता. चेहरे मी विसरतो, दंड विसरत नाही. आमच्या धंद्यात दिवसभर दंडच बघायचे असतात. या दंडावर दोन ठिकाणी सूज होती, एक ताजी आणि एक जराशी जुनी. दंडाच्या मालकाच्या डोक्याला आज पटका होता. परवा टोपी होती.

“नाव?”

“बळीराम.”

“परवा तर नामदेव होतात.”

“व्हय. परवा नामदेव होतो.”

“आणि त्याच्या आधी?”

तो विचारात पडला. “त्याच्या आधी पाटलाच्या घरचा होतो.”

मी सिरिंज खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. अंग चांगलंच तापलेलं होतं.

मी निजामी राज्यात व्हॅक्सिनेटर होतो, म्हणजे देवीची लस टोचणारा. प्लेगची आवई उठली की आम्हालाच त्या कामावर धाडत. प्लेगची लस म्हणजे मेलेले जंतू. ती टोचली की दंड सुजतो, एकदोन दिवस ताप येतो, त्याला आम्ही रिअॅक्शन म्हणतो. आठवड्यात एकाच माणसाला तीन डोस दिले तर काय होतं, हे आमच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्याला असा माणूस भेटला नसावा.

गाव शिरड शहापूरच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांची नातवंडं अजून तिथं नांदतात आणि माझी त्यांच्यात ऊठबस आहे.

खरं सांगायचं तर प्लेग अजून आलाच नव्हता. आली होती ती बातमी. वऱ्हाडातून टपालानं एक साप्ताहिक येई. त्यानं मोगलाईत प्लेगनं धुमाकूळ घातल्याचं छापलं. मोगलाई म्हणजे आम्हीच. आम्हाला ते वाचूनच कळलं. शाळेचे मास्तर चावडीत पेपर वाचून दाखवत. पेपर साथीच्या गावांतून आला म्हणून आधी त्याला कडुनिंबाची धुरी द्यायची आणि मग मास्तरांनी तो चिमट्यात धरून वाचायचा, असा नियम गावानं केला. चिमट्यानं पान उलटत नसे, त्यामुळे आतल्या पानांवरचं जग त्या हंगामात गावाला कळलंच नाही.

गळ्यात कापराच्या पुड्या आल्या. मांजरांना एकदम मान आला. एका घरचं मांजर दुसऱ्यानं पळवलं म्हणून पंचायत बसली. गाडीच्या चाकाखाली चिरडलेला उंदीर दिसला तरी सारी गल्ली बोचकी बांधून बाहेर. उंदीर चाकानं मेला हे सांगायला गेलो तर एक आजी म्हणाली, “पण तो चाकाखाली गेला काहून? आधीच भोवळ आली असंल त्याला.”

एवढं सगळं करतील, पण सुई म्हटली की गाव रानात. शेवटी तहसीलदारांनी जवळा बाजारचा आठवडी बाजार बंद केला आणि हुकूम काढला की ज्या गावात लस पुरी झाली त्याच गावच्या गाड्या बाजार उघडल्यावर आत येतील. कापसाचे दिवस. घराघरात कापूस आढ्याला टेकलेला, माणसं त्याच्यावरच झोपत होती. मग मात्र चावडीत रांग लागली. रोज शिस्तीत माणसं येत होती. मला वाटलं, हुकुमानं काम केलं.

ते कसं केलं, हे त्या तापलेल्या माणसानं मला दाखवलं. त्याचं नाव रंगनाथ. माणिकराव पाटलांचा घरजावई. पाटलांनी आपल्या घरच्या वतीनं त्याला पाठवलं. मग पाटलांच्या चुलत्यांनी, मग शेजाऱ्यांनी त्याला मागून नेलं. गावात विळा किंवा पाटी उसनी नेतात, तसा जावई उसना नेला होता. बाकीच्या घरांतूनही एकेकच जण आला होता. कुणाचा सालगडी, कुणाचा बिनलग्नाचा राहिलेला काका. ज्याच्यावाचून घराचं अडत नाही, तो.

मी पाटलांना बोलावलं.

“पाटील, सुई घराला नसते, माणसाला असते.”

“सरकार मागतं ते घरटीच मागतं, साहेब. वेठीला घरटी एक माणूस, सडकेच्या कामाला घरटी एक. मंग सुईच काहून माणसागणिक?”

“तुमच्या वाटची भाकर रंगनाथनं खाल्ली तर तुमचं पोट भरतं का?”

“न्हाई भरत. पण आमची म्हातारी चतुर्थी धरती, ती समद्या घरासाठीच ना? का लेकरागणिक येगळी धरती?”

मी सिरिंज पुसायला घेतली.

“आन सुगी चालू हाय,” पाटील म्हणाले. “समदेच तापानं पडले तर कापूस कोण येचणार?”

इतक्यात रंगनाथची बायको सरूबाई चावडीत आली. पाटलांची धाकटी लेक. चावडीत बायका येत नसत, त्यामुळे सगळे जरा सरकून बसले. ती माझ्याशी बोललीच नाही, सरळ बापाशी बोलली.

“बाबा, त्यायला रानात पाठवलं, वेठीला पाठवलं, म्या कधी तोंड उघडलं न्हाई. पण सुईला पाठवायचं तर आधी दादाला पाठवायचं होतं. तुमच्या पोराला ताप येतो आन माझ्या मालकाला येत न्हाई व्हय?”

सरूबाईनं पदर सावरला आणि दंड माझ्यापुढे केला. “माझा दंड माझाच हाय. टोचा.”

मी टोचलं. तिच्यामागून दुसरी कुणी येईल असं वाटलं होतं, पण कुणी आलं नाही. रंगनाथ घरी जाऊन अंथरुणाला खिळला. मी रोज दोनदा त्याच्या उशाशी बसत होतो. मला त्याची फार काळजी वाटत होती, आणि रागही येत होता. त्याचा नाही, त्याला ‘न्हाई’ म्हणता येत नव्हतं याचा.

त्यातच नवा पेपर आला. आमचे मास्तर नुसते वाचक नव्हते, त्या साप्ताहिकाचे बातमीदारही होते. मी टोचत असताना ते शेजारी बसून घरं मोजत असत. त्यांनी लिहून पाठवलेलं छापून आलं होतं. गावात एकही घर लसीवाचून राहिलेलं नाही, असं त्यात होतं, आणि ते एका अर्थी खरं होतं. पुढे लिहिलं होतं की पाटील घराण्याचे प्रमुख रंगनाथराव यांनी स्वतः पुढे होऊन पहिली सुई घेतली आणि गावाला कित्ता घालून दिला.

पेपर तहसीलदारांनीही वाचला. त्यांनी जवळा बाजार पुढच्या आठवड्यात उघडायचं ठरवलं आणि आमच्या गावाच्या गाड्या पहिल्या सोडायच्या असंही सांगितलं.

मी हिंगोलीला आमच्या डॉक्टरसाहेबांकडे धावलो. हकीकत ऐकून ते आधी पोट धरून हसले.

“एक घर, एक आदमी? ये सुई है या बेगार?”

“साहेब, बाजार उघडला तर सगळ्या तालुक्याची माणसं तिथं एकत्र येणार. कापसाच्या गाड्यांतून उंदीर येणार. गावात चार आणेही लस झालेली नाही. बाजार थांबवा.”

त्यांचं हसू गेलं. “बाजार अब नहीं रुकता. रोकूँगा तो अखबार झूठा, तहसीलदार साहब झूठे, और सच्चे सिर्फ़ आप. सोच लीजिए.”

हात दाखवून अवलक्षण करून घेण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मला लसीच्या जास्तीच्या बाटल्या दिल्या आणि पाठीवर हात ठेवला. बाटल्यांपेक्षा तो हात मला जड वाटला.

गावात परत आलो तर लोक निर्धास्त. आता कुणाला टोचायला बोलवावं तर म्हणत, “झालं की साहेब गावाचं. पेपरात आलंय.” छापलेली लस अंगात गेलेल्या लसीपेक्षा पक्की, असा एकूण समज होता. बाजाराला चार दिवस होते. मी चावडीत भरलेल्या बाटल्या पुढे घेऊन बसलो आणि माशा हाकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाटील लालबुंद होऊन आले. कळमनुरीहून त्यांचे व्याही आले होते, तेही भेटायला नव्हे, दुखवट्याला. पेपरात घराण्याचे प्रमुख म्हणून जावयाचं नाव वाचून त्यांनी हिशेब केला होता की माणिकराव गेले. दारात माणिकराव स्वतः उभे दिसल्यावर व्याह्यांनी रडणं आवरतं घेतलं, पण जाताना विचारलंच, “मग पाटीलकी जावयाला दिली म्हणायची?”

“ह्या मास्तराला खुलासा छापाया सांगा,” पाटील म्हणाले. “घराण्याचा प्रमुख मी हाय.”

मला तेवढ्यात सुचलं. “पाटील, पेपर झालेलंच छापतो. सुई रंगनाथनं घेतली, म्हणून तो प्रमुख. तुम्ही घ्या, पुढच्या अंकात तुमचं नाव.”

मास्तर शेजारीच होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. “माणिकराव की श्रीमंत माणिकराव?”

पाटलांनी सदरा काढला.

पुढचं मला फार करावं लागलं नाही. पाटलांचं नाव येणार म्हटल्यावर चुलत्यांना राहवेना. चुलते गेल्यावर भावकी गेली. गावातला तांबोळी म्हणाला, “हमारा नाम उर्दू में छपता क्या?” मास्तर म्हणाले, मराठीतच छापू, पण ठळक. मग बायकांमध्ये कुजबूज झाली आणि सरूबाईनं मास्तरांना विचारलं, “बायांची नावं येतेत का?” मास्तर एक क्षण अडखळले आणि म्हणाले, येतील. त्या दुपारी चावडीबाहेर एवढी गर्दी झाली की कुणाचं नाव कुणाच्या आधी यावं यावरून दोन सख्ख्या जावा भांडल्या. स्पिरिटच्या दिव्यावर सुया उकळून उकळून माझी बोटं भाजली. बाजाराच्या आदल्या दिवशी गावात बिनटोचलेला दंड शोधून सापडत नव्हता. कापूस दोन दिवस उशिरा वेचला गेला आणि त्याचं काहीही बिघडलं नाही.

रंगनाथचा तापही उतरला. त्या संध्याकाळी तो उठून बसला आणि त्यानं भाकर मागितली, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की सरूबाईनं मलाही एक वाढली.

पुढचा पेपर आला. त्यात आमच्या गावाचं एक अक्षर नव्हतं. ती जागा केसांच्या तेलाच्या जाहिरातीनं खाल्ली होती. मास्तर आठ दिवस मावशीकडे गेले. गाव माझ्यावर उलटलं.

“आमच्या सुया फुकट गेल्या,” चुलते म्हणाले.

पाटलांनी जरा गंभीरपणे विचारलं, “साहेब, टोचलेलं परत काढता येतं का?”

येत नाही, म्हणून सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांतच पाटलांच्या धान्याच्या बळदात खरोखरच उंदीर मरून पडले. चाकाखालचे नव्हते. गाव रीतीप्रमाणे बाहेर निघालं, माळावर कडब्याच्या खोपट्या पडल्या. काहींना काखेत गाठी आल्या, अंगं फणफणली. मी खोपटीखोपटीतून फिरत होतो आणि देवाला, अल्लाला, लस बनवणाऱ्याला, सगळ्यांना हात जोडत होतो. आसपासच्या गावांत त्या दिवसांत जे झालं ते मला आठवावंसं वाटत नाही. आमच्या माळावर एकही चिता पेटली नाही, एकही कबर खणली गेली नाही.

साथ ओसरल्यावर गाव परत घरात आलं तेव्हा गावजेवण झालं. मलाही बोलावणं होतं. खोटं कशाला बोलू, मी धुतलेला कोट घालून गेलो. पंगत बसली. पाटील हातात नारळ आणि नवा पटका घेऊन उठले, माझ्याकडे चालत आले, मी उठायला लागलो, आणि ते पुढे निघून गेले. पटका त्यांनी रंगनाथच्या डोक्याला बांधला.

“समद्या गावाचा ताप ह्यानं आपल्या अंगावर घेतला,” पाटील म्हणाले, “म्हणून गाव राहिलं.”

सगळ्या पंगतीनं मान डोलावली. मास्तरांनी पेन्सिल काढली. रंगनाथला पाटलांनी आपल्या उजव्या हाताला बसवलं. घरजावयाला त्या घरात अशी जागा पहिल्यांदाच मिळत होती.

मी तोंड उघडलं. लस, डोस, जंतू, सगळं जिभेवर आलं होतं. सरूबाई बुंदी वाढत माझ्यापाशी आली होती. ती वाकून हळूच म्हणाली, “साहेब, जेवा. तुमी बोलला तर ते पुन्हा घरजावई व्हतील.”

मी जेवलो. साथीच्या कामात एवढं शिकलो की गाव वाचलं तर कुणामुळे वाचलं यावर वाद घालू नये. पुढच्या सालीही तिथंच सुई घेऊन जायचं असतं. पुढच्या साली गेलो तेव्हा बोलावणं, हुकूम, पेपर, काहीच लागलं नाही. नव्या पटक्यातला रंगनाथ रांगेत पहिला उभा होता आणि त्याच्यामागे, जावई घेतो म्हणून, सगळं गाव.