अर्धी गोळी

"गोळ्या वेळेवर घेता ना?" असं दीपमाला सिस्टर कुणालाच विचारत नाहीत. विचारलं की सगळे "हो" म्हणतात. पेठ तालुक्यातून नर्सिंग शिकायला नाशकात आल्या, इंदिरानगरच्या दवाखान्यात मधुमेहाच्या ओपीडीत रमल्या, आणि तिथे इतके 'हो' ऐकले की एके दिवशी त्यांनी टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणीच आणून ठेवली.

"ही तुमची गोळी. हे पाणी. घरी घेता तशी घेऊन दाखवा."

"नाटक करायला लावता होय सिस्टर?"

"लावते. तिकीट नाही, लाजू नका."

तपासणीला आलेल्या सुलाबाईंनी दाणा उचलला आणि सरळ कनवटीला खोचला! "बरं वाटतंय की आता. दुखलं-खुपलं तर घेईन."

सावळीराम मखमलाबादचे, शेवंती पिकवणारे. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, साखर उतरेना. दोन औषधं एकत्र असलेली गोळी सुरू केली, तरी फरक नाही.

"भरती व्हा, इन्सुलिन देऊ," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर अंगठा जाईल."

"गेला तं गेला. भरती होनार नाय."

का, ते सांगेनात. सिस्टरांनी त्यांना टेबलापाशी बसवलं, शेजारी बायकोला, भागुबाईंना. बरणी पुढे केली.

सावळीरामांनी दाणा घेतला. साल काढलं. बोटांनी दाबून दोन पाकळ्या केल्या. एक तोंडात टाकली आणि दुसरी, न बघताच, शेजारी धरली. भागुबाईंनीही ती न बघताच घेतली.

मग दोघं एकदम थिजले.

"बाबा? हे काय?"

"तुमीच म्हनल्या ना, एका गोळीत दोन औषधं हाय. म्हनलं, एक हिला, एक मला."

"मावशींना साखर आहे?"

"गावात शिबिरात निघाली," भागुबाई हळूच बोलल्या. "पोरांना सांगू नका, बाई. फुलबाजारात जाऊ देनार नाय मला. घरात बसवून ठेवतील."

"अहो, भाजीत मीठ-तिखट मिसळल्यावर वेगळं काढता येतं का? दोन्ही औषधं सगळ्या गोळीत मिसळलेली असतात. अर्धी घेतली की दोन्ही अर्धीच मिळतात. शिवाय ही गोळी तोडायची नसते. आणि मावशी, उपाशीपोटी बाजारात साखर एकदम उतरली असती तर? चक्कर येऊन पडला असता."

"आली हुती एकदा."

सावळीराम वळले. "मला नाय बोलली ती!"

"बोलले असते तं अर्धी बी बंद केली असती तुमी."

सिस्टरांना हसावं की रागवावं कळेना. "म्हणून भरती नको होय, बाबा?"

"हितं गोळी तुमच्या हातात. मंग हिला कोन देनार?"

सिस्टरांनी भागुबाईंचं बोट धरून टोचलं, थेंब तपासला आणि दोघांना डॉक्टरांकडे नेलं. भागुबाईंना त्यांची वेगळी गोळी मिळाली, बाजाराला परवानगीही मिळाली. भाकरी खाऊन निघायचं, एवढीच अट. पोरांना काय सांगायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं. अंगठा अजून वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सावळीराम मुकाट भरती झाले.

सकाळी सिस्टर इन्सुलिन घेऊन खाटेपाशी आल्या, तर म्हातारा सदरा घट्ट धरून बसलेला. बाजार उरकून भागुबाई दारातून आत येत होत्या.

"घेतली?" सावळीरामांनी लांबूनच विचारलं.

"घेतली."

"अख्खी?"

"अख्खी हो! आता टोचून घ्या गुमान."

त्यांनी सदरा वर केला.